प्रश्न पूर्ण ऐकावा



पावसाळा स्थिरावला आणि महाविद्यालयांतील प्रवेशांची धांदल ओसरली, की सूचनाफलकांवर स्पर्धांची पत्रके झळकू लागतात. वक्तृत्व, निबंध, काव्यवाचन आणि त्यांच्या जोडीला हमखास असणारी प्रश्नमंजूषा. आमच्या संगमेश्वर तालुक्यात देवरुखला आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय आहे, आंबवला राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आसपासच्या गावांतील मुले-मुली एस.टी.ने ये-जा करून तेथे शिकतात. त्यांच्यापैकी कोणी प्रश्नमंजूषेत भाग घेतो असे घरी म्हणाला, तर बहुधा एकच प्रश्न येतो : "त्याचे गुण धरतात का?" पालकांच्या या प्रश्नात चूक काही नाही. पोटाला चिमटा काढून शिकविणाऱ्याने हिशेब विचारावयाचाच. तो हिशेब मांडण्याचा आजच्या लेखाचा हेतू आहे, आणि त्यासाठी दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेची हकिकत सांगावयाची आहे. ती स्पर्धा विलायतेत वाढली, आणि एके वर्षी तिच्यात आपल्याच विद्यापीठाच्या एका महाविद्यालयाने केंब्रिजला हरविले.

'युनिव्हर्सिटी चॅलेंज' हे तिचे नाव. तिचे मूळ अमेरिकेतले. तेथे १९५३ साली आकाशवाणीवर 'कॉलेज बाऊल' नावाची स्पर्धा सुरू झाली. दोन महाविद्यालयांचे दोन संघ, प्रत्येकात चार विद्यार्थी आणि समोर प्रश्न विचारणारा एक सूत्रधार, एवढाच तिचा थाट होता. १९५९ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली. इंग्लंडने हा नमुना उचलला, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' सुरू झाली. बँबर गॅसकॉइन या विद्वान आणि सौम्य गृहस्थांनी १९६२ पासून १९८७ पर्यंत तिचे सूत्रसंचालन केले. काही वर्षांच्या खंडानंतर १९९४ पासून जेरेमी पॅक्समन आले, आणि २०२३ पासून कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन त्या खुर्चीवर बसतात. साठ वर्षांहून अधिक काळ एका देशातील माणसे संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसून विद्यार्थ्यांची प्रश्नोत्तरे ऐकत आली आहेत. त्यात नाचगाणे नाही, लाखांची बक्षिसे नाहीत. आहे ती केवळ जाणण्याची चुरस.

भारतात दूरदर्शनने हा रस १९८५ मध्ये लावला. सिद्धार्थ बसू यांच्या 'क्विझ टाइम' या कार्यक्रमात महाविद्यालयांचे संघ समोरासमोर येत. ज्या घरी संच होता त्या घरी शेजारची मुले जमत, आणि पडद्यावरील संघाच्या आधी उत्तर देण्याची चढाओढ खाली सतरंजीवर चाले. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांना ते दिवस आठवत असतील. पुढे त्याच बसूंनी बीबीसी वर्ल्ड वाहिनीसाठी 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'ची भारतीय आवृत्ती केली. तिचा पहिला हंगाम २००३-०४ चा.

त्या हंगामाच्या अंतिम फेरीत दोन संघ उरले. एक हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा, आणि दुसरा मुंबईच्या अंधेरीतील सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाचा. पहिल्या संस्थेत पदवी घेऊन, बहुधा काही वर्षे नोकरी करून आलेले प्रौढ विद्यार्थी व्यवस्थापन शिकतात. दुसऱ्या संस्थेत बारावीनंतर आलेली मुले पूल, यंत्रे आणि वीज यांचा अभ्यास करतात. जिंकली ती अंधेरीची मुले. एवढ्यावर गोष्ट थांबली नाही. भारतीय विजेत्यांचा सामना इंग्लंडमधील स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेल्या केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयाच्या संघाशी ठरला, आणि तोही मुंबईच्या संघाने जिंकला.

या दोन संस्थांची कुळकथा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. गॉनव्हिल अँड कीजची स्थापना १३४८ ची. स्टीफन हॉकिंग यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिचे अधिछात्र होते. सहा शतकांचे ग्रंथसंग्रह, भोजनगृहातील तैलचित्रे, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले विद्यापीठीय वळण असा तिचा वारसा. सरदार पटेल महाविद्यालय भारतीय विद्या भवनाने १९६२ मध्ये काढलेले, म्हणजे विलायतेतील त्या स्पर्धेच्याच वयाचे. परंतु ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि आमच्या देवरुखचे महाविद्यालयही त्याच विद्यापीठाशी संलग्न आहे. अंधेरीच्या मुलाच्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असते, तेच देवरुखच्या मुलीच्या पदवीपत्रावर असते. कोकण रेल्वेने संगमेश्वर रोड स्थानकावरून निघालेला मनुष्य त्याच दिवशी मुंबई गाठतो. मग केंब्रिजला जे अंतर पार करता आले नाही ते अंधेरीने कसे केले, आणि अंधेरी व देवरुख यांच्यामधले अंतर नेमके कशाचे आहे, हे पाहावयास हवे.

त्याचे उत्तर या खेळाच्या नियमांत बऱ्याच अंशी सापडते. प्रथम एक मोकळा प्रश्न येतो. तो दोन्ही संघांना असतो, आणि आठांपैकी जो आधी बझर दाबील त्याने एकट्याने उत्तर द्यावयाचे. सोबत्यांशी बोलण्याची मुभा नाही. उत्तर बरोबर असेल तर १० गुण. मग त्या संघाला एकाच विषयाशी निगडित असे तीन जोडप्रश्न मिळतात, प्रत्येकी ५ गुणांचे. हे प्रश्न चौघांनी आपसांत विचारविनिमय करून सोडवावयाचे आणि उत्तर कर्णधाराने द्यावयाचे. याला एक मोलाची पुरवणी आहे. मोकळा प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधीच कोणी बझर दाबला आणि उत्तर चुकले, तर त्या संघाचे ५ गुण वजा होतात, आणि उरलेला प्रश्न प्रतिस्पर्ध्यांना शेवटपर्यंत निवांत ऐकविला जातो.

हा शेवटचा नियम मला सगळ्या खेळाचा आत्मा वाटतो. वाट पाहत बसलात तर दुसरा पुढे जातो. उतावीळ झालात तर आपण गमावतो आणि दुसऱ्याला वाट मोकळी करून देतो. प्रश्नाचे पहिले चार शब्द ऐकून "हे मला ठाऊक आहे" असे वाटणे आणि ते खरोखर ठाऊक असणे, यांतले अंतर त्या क्षणी ओळखावे लागते. "कोकणातील कोणत्या नदीच्या काठी..." एवढे ऐकून एखादा 'शास्त्री' म्हणून मोकळा होतो, आणि प्रश्न पुढे वाशिष्ठीकडे वळलेला असतो. आपल्या नित्याच्या संसारात असे किती बझर आपण अर्ध्या वाक्यावर दाबतो! मुलगा बोलू लागतो, त्याचे वाक्य संपण्याआधी बापाचे उत्तर तयार असते. सून काही सुचवू पाहते, तिच्या पहिल्याच शब्दावर निकाल लागतो. भ्रमणध्वनीवर आलेला अर्धवट मजकूर पाहून आपण तो दहा जणांना पुढे धाडतो. तेथे कोणी पाच गुण वजा करीत नाही, म्हणून आपल्याला नुकसान कळत नाही, एवढेच. या खेळात ते फलकावर ताबडतोब लिहिले जाते. सतरा-अठराव्या वर्षी ज्याने असे पाच गुण दोन-चार वेळा गमावले, त्याच्या अंगी ऐकून घेण्याची सवय बाणते. तिचे मोल कोणत्याही गुणपत्रिकेत मावणार नाही.

दुसरा धडा जोडप्रश्नांचा. येथे गावाचेच उदाहरण घेतो. "छत्रपती संभाजी महाराजांना १६८९ मध्ये कोठे कैद करण्यात आले?" हा मोकळा प्रश्न. उत्तर 'संगमेश्वर'. दोन सेकंदांचे काम आणि दहा गुण. महाराष्ट्रातील चौथीचा विद्यार्थीही ते देईल. पण या उत्तराने काय कळले? नकाशावरचा एक ठिपका कळला. आता तीन जोडप्रश्न विचारून पाहा. त्या फेब्रुवारीत महाराजांच्या सोबत कैद झालेले स्नेही कोण? चकमकीत धारातीर्थी पडलेले वयोवृद्ध सेनानी कोण, आणि त्यांचे पुढे गाजलेले पुत्र कोण? मोगल सरदार मुकर्रबखान कोणत्या बाजूने आणि कोणता पर्वत ओलांडून आला? एकाला कवी कलश आठवतात. दुसऱ्याला म्हाळोजी घोरपडे ठाऊक असतात, आणि तिसरा संताजींचे नाव जोडून देतो. चौथ्याने भूगोल नीट वाचलेला असतो. तो सांगतो की खान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून आला. चौघांची उत्तरे एकत्र आली की कसब्याच्या त्या शांत परिसरात, कर्णेश्वराच्या काळ्या दगडी मंदिराजवळ, एक संपूर्ण प्रसंग उभा राहतो. महाराज विशाळगडाकडून रायगडाच्या वाटेवर असताना येथे का थांबले असतील, एवढ्या दुर्गम घाटांतून शत्रू येईल असे कोणाला का वाटले नसेल, असे प्रश्न मग आपोआप सुचू लागतात. ज्ञान म्हणतात ते येथून पुढे सुरू होते. मोकळा प्रश्न दार उघडतो. आत जावयाचे तर चौघांनी मिळून जावे लागते.

विचारविनिमयाच्या त्या काही सेकंदांत संघाचे चारित्र्य दिसते. जाणता खेळाडू आपल्याला उत्तर येत नसेल तर लगेच मान हलवितो आणि वेळ दुसऱ्यासाठी मोकळा सोडतो. ज्याला येते तो हळू आवाजात सांगतो, आणि आपली खात्री कितपत आहे हेही सांगतो. कर्णधाराला दोघांची दोन उत्तरे आली तर निवड करावी लागते. ती चुकली तर दोष त्याचा, बरोबर आली तर श्रेय चौघांचे. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य येथे लाज वाटून म्हणावयाचे नसते. ते संघाची सेवा म्हणून म्हणावयाचे असते. आपल्या वर्गांतून हे वाक्य जवळजवळ हद्दपार झाले आहे. मुलाला उत्तर आले नाही तर तो खाली मान घालतो, किंवा काहीतरी ठोकून देतो. दोन्ही सवयी पुढे आयुष्यभर पुरतात, आणि दोन्ही वाईट.

आजकाल एक आक्षेप घेतला जातो. सगळी उत्तरे खिशातील यंत्रात असताना ती डोक्यात कशाला साठवावयाची? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु यंत्र आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. काय विचारावे हे आपल्याच डोक्यात असावे लागते. ज्याला म्हाळोजी घोरपडे हे नावच ठाऊक नाही, तो त्यांचा शोध यंत्रात घेणार तरी कसा? विहिरीवर दोर लागतो, आणि तो दोर आपल्या ओळखीच्या गोष्टींचाच वळावा लागतो. शिवाय दोन माहिती एकमेकींना भेटावयाच्या तर त्या एकाच मनात असाव्या लागतात. एक खिशात आणि एक कपाटात असली तर भेट होत नाही. स्पर्धेतील बझर यंत्राला मनाई करतो, आणि म्हणूनच तो आपल्याला आपल्या मनाची खरी शिल्लक दाखवितो.

आता या खेळाची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हिशेब दोन्ही रकान्यांचा असतो. अमेरिकेत १९५६ च्या सुमारास 'ट्वेंटी वन' नावाचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम फार गाजत होता. कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स व्हॅन डोरेन हा तरुण प्राध्यापक त्यात आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिला. देखणा, घरंदाज, विद्वानांच्या कुळातला. साऱ्या देशाने त्याला ज्ञानाचा आदर्श मानले. पुढे उघड झाले की प्रश्न आणि उत्तरे त्याला आधीच देण्यात येत होती. कपाळावरचा घाम आणि आठवण्याचा आविर्भाव, सारे ठरवून केलेले. १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याला तसे कबूल करावे लागले. त्याचे अध्यापन गेले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास गेला. १९६० मध्ये अशा लबाडीविरुद्ध तेथे कायदा झाला. त्या माणसाजवळ बुद्धी नव्हती असे नव्हे. तो खरोखर विद्वान होता. पण बुद्धिमान मनुष्याला फुकटचे उत्तर घेण्याचा मोह अधिक सहज होतो, कारण ते आपल्याला आलेच असते अशी समजूत तो स्वतःची घालू शकतो.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधले, २००९ सालचे. ऑक्सफर्डच्या कॉर्पस ख्रिस्ती महाविद्यालयाच्या संघाने अंतिम फेरीत मँचेस्टर विद्यापीठाला हरविले, आणि त्यांच्या कर्णधार तरुणीच्या विद्वत्तेची वृत्तपत्रांनी तोंड भरून स्तुती केली. नंतर लक्षात आले की संघातील एका सदस्याचे शिक्षण मालिका पूर्ण होण्यापूर्वीच संपून तो नोकरीस लागला होता. नियम असा होता की स्पर्धक संपूर्ण मालिकेत विद्यार्थी असला पाहिजे. उत्तरे सगळी खरी होती, कोणी काही चोरले नव्हते. तरीही विजेतेपद काढून घेतले गेले, आणि ते मँचेस्टरला मिळाले. काहींना हा निर्णय कठोर वाटला. मला तो या स्पर्धेच्या दीर्घायुष्याचे रहस्य वाटतो. जेथे नियमापुढे कर्तबगारीलाही सूट मिळत नाही, तेथे हरलेलाही समाधानाने घरी जातो. आपल्याकडे परीक्षांच्या प्रश्नपत्रिका फुटल्याच्या बातम्या वरचेवर येतात, तेव्हा या दोन्ही कथा आपल्या मुलांना शेजारी बसवून सांगाव्यात असे मला वाटते. चोरलेले उत्तर हे परीक्षेपुरते उत्तर असते, पण माणसापुरता तो एक न सुटलेला प्रश्नच राहतो.

मँचेस्टरचे नाव निघालेच आहे, तर लहान गावांना उपयोगी अशी त्यांची आणखी एक हकिकत सांगतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांना प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतंत्र संघ पाठविता येतो. मँचेस्टरसारख्या विद्यापीठाला मात्र एकच. या अन्यायाविरुद्ध १९७५ मध्ये मँचेस्टरच्या संघाने प्रश्नांना 'मार्क्स', 'लेनिन', 'ट्रॉट्स्की', 'चे गव्हेरा' अशी उत्तरे देऊन निषेध नोंदविला. निषेध गाजला, पण त्याने नियम बदलला नाही. पुढे त्याच विद्यापीठाने दुसरा मार्ग धरला. तेथील ग्रंथालयात काम करणारे एक गृहस्थ, जे स्वतः एकेकाळी संघातून खेळले होते, वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांची निवड करून त्यांचा सराव घेऊ लागले. परिणाम असा झाला की २००६, २००९, २०१२ आणि २०१३ अशी चार विजेतेपदे मँचेस्टरकडे आली. लक्षात घ्यावे, की या यशामागे मोठा निधी अथवा मोठा प्राध्यापकवर्ग पुढे आलेला दिसत नाही. दिसतो तो एक ग्रंथपाल आणि त्याचे सातत्य. तसेच १९६३ मधील पहिल्या हंगामाचे विजेतेपदही ऑक्सफर्ड अथवा केंब्रिजला मिळालेले नाही. ते लेस्टर या तुलनेने नव्या विद्यापीठाने जिंकले होते.

यावरून देवरुख आणि अंधेरी यांच्यामधल्या अंतराचा अंदाज येतो. बुद्धीचे अंतर नाही. भाताच्या खाचरात उभे राहून ढगांवरून पाऊस ओळखणाऱ्या घरांतील मुलांना निरीक्षण शिकवावे लागत नाही. अंतर आहे ते संगतीचे आणि पुस्तकांचे. मुंबईच्या मुलाला प्रश्नमंजूषेचे वेड लागलेले दहा सोबती सहज भेटतात, इंग्रजी वृत्तपत्र घरी येते, आठवड्याला कोठे ना कोठे स्पर्धा असते. अशा दूरचित्रवाणी स्पर्धांची भाषाही इंग्रजी, आणि तो अडथळा मराठी माध्यमातील मुलांना खराच जाणवतो. मराठीत २०१३ मध्ये 'कोण होईल मराठी करोडपती' आले, सचिन खेडेकरांनी ते छान रंगविले, आणि खेड्यापाड्यांतील माणसांना आपल्या भाषेत उत्तर देताना पाहून आनंद झाला. परंतु तो एकट्या स्पर्धकाचा आणि मोठ्या रकमेचा खेळ. चौघांनी मिळून विचार करण्याचे शिक्षण त्यातून मिळत नाही. ते आपल्यालाच उभे करावे लागेल.

उभारणीचे साहित्य आपल्या जिल्ह्यात नाही असे कोणी म्हणू नये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, म्हणजे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाहून तीन दशकांनी वडील. ज्या जिल्ह्याने विद्यापीठाच्या आधी वाचनालय उभारले, त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत आठवड्याला एक तास चार मुलांचे दोन संघ समोरासमोर बसविणे अवघड कसे असेल? त्याला विजेचा बझर लागत नाही. शाळेतील हातघंटा पुरते. प्रश्न मुलांनीच तयार करावेत, आणि प्रश्न देणाऱ्याने उत्तराबरोबर ते कोठे वाचले व ते तसे का, हे दोन वाक्यांत सांगावे असा नियम करावा. चौघांत एक विज्ञानाचा, एक वाणिज्याचा, एक कलाशाखेचा असावा, मुलींना केवळ गुण लिहिण्याच्या कामी बसवू नये, आणि कर्णधार दर वेळी बदलावा. अर्धे प्रश्न मराठीत आणि अर्धे इंग्रजीत घेतले, तर भाषेची भीती वर्षभरात निम्मी होईल.

आपल्या समाजाला तर ही प्रथा नवी नाही. पर्युषण पर्वात ठिकठिकाणी प्रश्नमंच होतात, लहानथोर उत्साहाने भाग घेतात. शलाकापुरुष किती, असे विचारताच बालके 'त्रेसष्ट' म्हणून हात उंचावतात. हे कौतुकाचेच आहे. मात्र पुष्कळदा कार्यक्रम तेथेच, म्हणजे मोकळ्या प्रश्नापाशीच, संपतो. संख्या पाठ होते, भेट वाटली जाते आणि सगळे जेवणाकडे वळतात. त्या 'त्रेसष्ट' नंतर तीन जोडप्रश्न का विचारू नयेत? या त्रेसष्टांत कोणकोणते गट आहेत? त्यांपैकी एकाची कथा कोण सांगेल? त्या कथेतून आपल्या आजच्या वागण्याला काय घेण्यासारखे आहे? या प्रश्नांना आजी, आई, मुलगा आणि नात असा चौघांचा संघ बसवावा. आजीला कथा येते, नातीला ती मांडता येते. तीन पिढ्यांची अशी कुजबुज ज्या घरात होते, तेथे स्वाध्याय हा शब्द निराळा शिकवावा लागत नाही.

घरीही हे सहज करता येईल. रात्रीच्या भोजनापूर्वी दहा मिनिटे. दूरचित्रवाणी बंद, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत. एकाने एक प्रश्न विचारावा. प्रश्न पूर्ण होईपर्यंत कोणी तोंड उघडावयाचे नाही. उघडले आणि चुकले, तर उद्याची भांडी त्याच्याकडे. उत्तर मिळाल्यावर 'का' आणि 'कसे' हे दोन जोडप्रश्न सर्वांनी मिळून सोडवावेत. कोणालाच आले नाही तर ते वहीत लिहून ठेवावे आणि रविवारी वाचनालयात जाऊन पाहावे. वडीलधाऱ्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे : जे येत नाही ते 'मला ठाऊक नाही, आपण पाहू' असे मुलांसमोर म्हणावे. मुले आपल्या उत्तरांपेक्षा आपण प्रश्नापुढे कसे उभे राहतो ते अधिक लक्षात ठेवतात.

आरंभीचा पालकांचा प्रश्न आता पुन्हा समोर घेऊ : त्याचे गुण धरतात का? विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत तरी धरत नाहीत. अंधेरीच्या त्या चार मुलांनाही केंब्रिजला हरविल्याबद्दल यंत्रशास्त्राच्या पेपरात वाढीव गुण मिळाले नसतील. पण पुढे कचेरीत, दुकानात, शेतात, संसारात रोज कोणी ना कोणी आपल्याला काहीतरी विचारीत असते. कोणी मदत मागते, कोणी तक्रार सांगते, कोणी नुसतेच मन मोकळे करते. त्या वेळी शेवटचा शब्द येईपर्यंत थांबणे, आपल्याला येत नसेल तर दुसऱ्याला वाट देणे, आणि उसन्या उत्तरावर आपले नाव न घालणे, या तीन गोष्टी ज्याला साधल्या त्याचे गुण माणसे धरतात.

तेव्हा या वर्षी आपल्या मुलाने अथवा मुलीने प्रश्नमंजूषेच्या पत्रकावर नाव घालू का असे विचारले, तर त्याचा प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. मग हो म्हणावे.